सात नंबर खात नाही

तीन नंबरची मैना सकाळी मोठ्या पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडलेली सापडली, तेव्हा सुलक्षणाताईंच्या हातात तिच्याचसाठी वळलेल्या नाचणीच्या गोळ्यांची ताटली होती. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि आत वाकून पाखरू ओंजळीत घेतलं. अंग गार झालं होतं. पोट मात्र टम्म होतं, भरल्या पोटी झोपी गेलेल्या मुलाचं असावं तसं. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. पिंजऱ्यासमोर बोलायचं नाही, हा केंद्राचा पहिला नियम होता आणि दहा महिन्यांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता.

आता दोनच उरल्या होत्या. चार नंबर आणि सात नंबर. नऊ दिवसांनी त्यांचं विमान होतं.

मुलुंड कॉलनीच्या टोकाला, जिथे शेवटच्या सोसायटीची भिंत संपते आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर चढू लागतो, तिथे हे पक्ष्यांचं उपचार केंद्र आहे. एरवी इथे मांजाने पंख चिरलेल्या घारी येतात, उन्हाने कोसळलेली कबुतरं येतात, कुणाच्या तरी गॅलरीतून सोडवलेले पोपट येतात. मैना आल्या त्या गेल्या डिसेंबरात. घाटकोपरच्या एका गोदामावर वनखात्याची धाड पडली. तिथे भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, पाय बांधलेल्या, अकरा डोंगरी मैना निघाल्या. अंग काळंभोर, पण ऊन पडलं की जांभळ्या-हिरव्या छटा झळकायच्या. चोच नारिंगी, आणि डोळ्यांमागून मानेकडे लोंबणारी पिवळीधमक कातडी. अंदमानच्या एका बेटावरून बोटीने आणि पुढे ट्रकने त्या आणल्याचं पकडलेल्या माणसाने कबूल केलं. माणसासारखं बोलतात म्हणून त्यांना गिऱ्हाईक असतं.

"रानात त्या कुणाचीच नक्कल करत नाहीत," केंद्राचे तरुण डॉक्टर, देवव्रत, यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावलं होतं. "आपल्या टापूतल्या मैनांच्या शिट्ट्या तेवढ्या शिकतात. दोन टेकड्यांपलीकडची मैना असेल तर तिची बोली वेगळी. पिंजऱ्यात शिकायला दुसरं काही नसतं, म्हणून त्या माणूस शिकतात. यांना आपल्याला परत पाठवायचंय. एकदा माणसाची भाषा लागली की सोडल्यावर त्या रानात न जाता वस्तीत येऊन बसतील आणि पुन्हा पकडल्या जातील. तेव्हा पिंजऱ्यासमोर सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं."

"मग आमच्या ताईंचं कसं होणार?" केंद्राची गाडी चालवणारा नितेश म्हणाला. "बावीस वर्षं बोलण्याचीच नोकरी केलीय त्यांनी."

"तुझ्यापेक्षा कमीच बोलते रे मी," सुलक्षणाताई म्हणाल्या होत्या.

नितेशचं म्हणणं खोटं नव्हतं. भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावरच्या चाळींत, सुलक्षणाताई बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. सासरे गिरणीत होते, नवरा रिक्षा चालवायचा, दोघेही गेले. उरलं ते या चढावरचं घर आणि घरोघरी फिरून कमावलेली ओळख. पोटुशा बाया आणि हाडं दिसणारी मुलं हे त्यांचं काम. प्रत्येक घरी त्या तेच सांगत, आणि इतक्या वेळा सांगितल्यामुळे त्याला एक चाल लागली होती: भाजी लोखंडी कढईत करा. साखर नको, गूळ घ्या. नाचणी खा, खजूर खा, शेवग्याचा पाला खा. वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जेवणावर चहा पिऊ नका, चहा लोह मारतो. भिंतीवर मुलांच्या वजनाचे तक्ते असत. खाली लाल पट्टा, मध्ये पिवळा, वर हिरवा. किती मुलं त्यांनी लाल पट्ट्यातून ओढून वर काढली, याची मोजदाद त्यांच्याकडे नव्हती, पण ती मुलं आता बाप्ये झाली होती आणि रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करत. पोटची मुलगी श्रुतिका सातव्या महिन्यात पांढरीफटक पडली होती, तेव्हाही याच कढईने तिला उभं केलं होतं. साठी झाली, अंगणवाडी सुटली, आणि ओळखीतून हे पक्ष्यांचं काम मिळालं. त्यांना त्यात फार फरक वाटला नाही. इथेही जेवायला घालायचं होतं आणि जगवायचं होतं.

आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात अकरापैकी चार मैना मेल्या. उरलेल्या सात जणींच्या पायांत नंबरच्या कड्या घातल्या. हाताला त्यांच्या छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागायचं. डॉक्टरांनी भिंतीवर खाण्याचा तक्ता लावला: पपई, केळं, चिकू, उकडलेलं अंडं, भिजवलेले चणे. सुलक्षणाताईंनी तो वाचला, मैनांकडे बघितलं, आणि मनात म्हणाल्या, एवढ्यावर हे पोर कसं उठेल?

दुसऱ्या दिवशी त्या घरून सासूबाईंची लोखंडी कढई घेऊन आल्या. सकाळी आठला, डॉक्टर यायच्या दोन तास आधी, त्या केंद्राच्या छोट्या स्वयंपाकघरात नाचणीचं पीठ भाजत, गुळाच्या पाण्यात शिजवत, त्यात खजुराचा लगदा आणि शेवग्याच्या पाल्याची पूड घालत, वर लिंबू पिळत, आणि बोराएवढ्या गोळ्या वळत.

"काय ताई, मैनांचं डोहाळजेवण काय?" नितेश दारातून वास घेत विचारायचा. "माका पण एक गोळी दिवा."

"तुला कशाला? तू काय लाल पट्ट्यात आहेस?"

मैनांनी गोळ्या खाल्ल्या. पहिल्यांदा चोचीने टोचून बघितल्या, मग गिळल्या, मग ताटली दिसली की दांडीवर उड्या मारू लागल्या. सुलक्षणाताईंनी एका पुठ्ठ्यावर तीन पट्टे रंगवले आणि दर सोमवारी वजनं टिपू लागल्या. दोन महिन्यांत सहा मैना हिरव्यात आल्या. डॉक्टरांनी एकदा ताटलीकडे बघून विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "नाचणी." डॉक्टरांच्या हातात तेव्हा तुटक्या पंखाची घार होती. "चालेल," ते म्हणाले, आणि नंतर पुठ्ठा बघून म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे हां."

फक्त सात नंबर खात नव्हती. गोळी चोचीत धरायची, मान झटकायची, आणि ती जाळीवर जाऊन आपटायची. केळ्यात लपवून दिली तर केळं खाऊन गोळी टाकायची. तिला हवी असायची ती पपई, चिकू, आणि नितेश डोंगरावरून आणायचा ती उंबरं. उंबरांवर ती तुटून पडायची. वहीत सुलक्षणाताई रोज एकच ओळ लिहीत: सात नंबर खात नाही. ती शेवटपर्यंत पिवळ्याच्या खालच्या काठावर, जवळजवळ लाल पट्ट्यावरच राहिली. सातही जणींत त्यांचा जीव सर्वांत जास्त तिच्यात अडकला होता, आणि रागही तिच्यावरच होता. उलट चार नंबर गुणी. सगळ्यांत आधी खायची आणि सगळ्यांत जास्त. दांडीवर दोघी नेहमी चिकटून बसत. सात नंबरने शिट्टी घातली की चार नंबर त्याच चढउताराची शिट्टी परत करी. एकाच टापूतल्या असाव्यात, डॉक्टर म्हणाले होते; कदाचित जोडीच असेल, नर-मादी दिसायला सारखेच असतात.

जुलैत पाच नंबर मेली. ऑगस्टात दोन नंबर. सप्टेंबरात एक आणि सहा. प्रत्येक वेळी आधी दोन-तीन दिवस पाखरू पिसं फुगवून बसायचं, चोच उघडी ठेवून धापा टाकायचं, आणि एका सकाळी खाली दिसायचं. वजनाच्या पुठ्ठ्यावर त्या वेळी ते हिरव्यात असायचं. "प्रवासाचा धक्का उशिरा बसतो कधी कधी," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. सुलक्षणाताईंनी उरलेल्यांसाठी खजूर वाढवला. नंतर गोळ्या दिवसातून दोनदा केल्या. ऑक्टोबर लागला आणि मैना परत पाठवायला कोर्टाची परवानगी मिळाली, बेटावरच्या वनखात्याचं पत्र आलं, विमानाची तारीख ठरली. ती ठरली त्याच आठवड्यात तीन नंबर गेली.

या वेळी डॉक्टरांनी स्वतः गोरेगावच्या प्रयोगशाळेत नेऊन तिचं यकृत तपासायला दिलं. अहवाल चार दिवसांनी आला. दुपारी कचेरीत त्यांनी तो टेबलावर पसरला. ट्रस्टचे सचिव नंदकिशोर सर खुर्चीत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, कागदाला कागद जोडणारे गृहस्थ. सुलक्षणाताई दाराशी उभ्या होत्या. अहवालासोबत यकृताच्या पातळ कापाचा फोटो होता. तो शाई सांडल्यासारखा निळा होता.

"हा निळा रंग लोहाचा आहे," देवव्रत म्हणाले. "लोह जिथे असतं तिथेच तो चढतो. इथे कोरी जागाच नाही."

"लोह वाईट?" नंदकिशोर सरांनी विचारलं.

"या पक्ष्याला विष. सर, ही बेटावरची, झाडांच्या शेंड्यांवर फळं खाऊन जगणारी जात. उंबर, रानजायफळाची जायपत्री, असलं काही. त्या फळांत लोह नावालाच असतं. त्यामुळे जे कणभर मिळेल ते ओढून घ्यायचं, अशी आतड्यांना हजारो वर्षांची सवय. घेणं थांबवायचं कसं, बाहेर टाकायचं कसं, हे त्या शरीराला माहीतच नाही, कारण कधी गरजच पडली नाही. जास्त दिलं की साठत जातं. यकृत फुगतं, पोटात पाणी होतं, वजन वाढतं—" ते थांबले. "वजन वाढत होतं ते पाणी होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"पण आलं कुठून?"

"तेच कळत नाही. टाकीचं पाणी? जाळीचा गंज? माझ्या तक्त्यातलं अंडंही चुकलंच, पण एवढं अंड्याने होणार नाही."

"मग सोपं आहे," नंदकिशोर सर म्हणाले. "त्या चोरांनी काय खायला घातलं देव जाणे. तसं लिहा. दोन राहिल्यात त्या ठरल्या विमानाने रवाना करा आणि सुटा."

सुलक्षणाताई दारातून मागे फिरल्या. स्वयंपाकघरात गेल्या. कढई ओट्यावर पालथी होती. तळाला तेलाचा हात फिरवलेला, काळा, गुळगुळीत. त्या रोज तिला पुसून ठेवत, गंज चढू देत नसत. त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. लोखंडी कढई. गूळ. नाचणी. खजूर. शेवगा. वरून लिंबू, म्हणजे अंगी लागतं. त्यांनी एकही गोष्ट सोडली नव्हती.

संध्याकाळी घरी श्रुतिका आली होती. आईने ताटातलं काही खाल्लं नाही तेव्हा तिने खोदून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"आई, तुला माहीत होतं का? नव्हतं ना? मग झालं."

"माहीत नव्हतं."

"डॉक्टरला तरी माहीत होतं? त्यानेच 'चालेल' म्हटलं ना? त्याचं डोकं खा, तुझं कशाला?"

"मी त्यांना नाचणी म्हटलं गं. कढई नाही सांगितली, खजूर नाही, लिंबू नाही. त्यांनी विचारलं नाही हे खरं, मी सांगितलं नाही हेही खरं. मला वाटलं, यात काय सांगायचं, हे तर कुणालाही कळतं."

श्रुतिकाने ताट आईकडे सरकवलं. "तू सांगितलंस तर ते तुला काढतील."

"काढू देत."

"आणि सांगून त्या पाच जिवंत होणार आहेत का?"

"दोन आहेत ना अजून," सुलक्षणाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवव्रत आले तेव्हा त्यांच्या टेबलावर कढई होती. शेजारी नाचणीचा डबा, गुळाची ढेप, खजूर, पाल्याची पूड आणि एक लिंबू. सुलक्षणाताईंनी एकेका वस्तूवर बोट ठेवून किती, केव्हापासून, दिवसातून किती वेळा, ते सांगितलं. अंगणवाडीत पर्यवेक्षिकेला हिशोब द्यावा तसा त्यांचा आवाज सपाट होता. देवव्रत ऐकत राहिले. मग त्यांनी लिंबू उचललं आणि हातात फिरवत राहिले.

"लिंबूसुद्धा," ते म्हणाले.

"हो."

"ताई, मी रोज दहाला येत होतो. हा वास मला रोज यायचा." त्यांनी लिंबू खाली ठेवलं. "मला आवडायचा तो."

त्या दिवशी दुपारी नंदकिशोर सरांनी दार लावून घेतलं. "तुम्हाला कोणी विचारलंय का, ताई? कोणी आरोप केलाय? अहवालात कारण मिळालंय, चोरांवर जातंय, जाऊ द्या ना. स्वतःहून गळ्यात कशाला घालून घेता? आणि तुमच्या नाही, ट्रस्टच्या गळ्यात पडणार ते. उद्या पेपरात येईल, केंद्राने मैना मारल्या."

"सर, कागदावर नसेल तर तिकडचे पण तेच भरवतील."

"तिकडचे भरवतील ते तिकडचे बघतील."

"बारीक दिसतात त्या," सुलक्षणाताई म्हणाल्या. "सात नंबर तर फारच. बघितली की कुणालाही वाटतं काहीतरी पौष्टिक द्यावं. मला वाटलं तसंच त्यांना वाटणार. कागदावर पाहिजे."

त्यांनी घरून लिहून आणलेलं निवेदन टेबलावर ठेवलं. दोन पानं, निळ्या शाईत, खाली तारीख आणि पूर्ण सही. नंदकिशोर सरांनी ते फाडलं असतं, पण देवव्रत यांनी त्याची प्रत सकाळीच वनखात्याला पाठवली होती.

त्यामुळे विमानाची तारीख रद्द झाली. वनखात्याचा माणूस आला, दोन्ही मैनांचे एक्स-रे निघाले. चार नंबरच्या पोटात यकृताची सावली इतकी मोठी होती की तिच्या बाजूला हवेच्या पिशव्या दबून गेल्या होत्या. सात नंबरचा एक्स-रे देवव्रत यांनी उजेडासमोर धरला, उलटा करून पुन्हा धरला.

"नॉर्मल आहे," ते म्हणाले. "पूर्ण नॉर्मल."

नितेश मागून बघत होता. "खाल्लंच नाही ना तिने," तो हळूच म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो गाडी धुवायला बाहेर गेला.

सुलक्षणाताईंना रडू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे वहीतली ती ओळ आली, तीनशे वेळा लिहिलेली. ज्या पोराला आपण दहा महिने हट्टी म्हटलं, ज्याच्या चोचीत दोन बोटं घालून गोळी कोंबायचा प्रयत्न केला, ते एकटं शहाणं होतं. आणि जे आपल्या हातचं आवडीने खात होतं ते आत आत मरत होतं.

निर्णय झाला. सात नंबर जाईल. चार नंबर प्रवास सोसणार नाही. तिच्यावर इथेच उपचार होतील. सुलक्षणाताईंना काढायचं ठरलं, पण देवव्रत अडून बसले. चार नंबरला हातात धरायला दुसरं कोणी नाही, ती दुसऱ्याच्या हातात धडपडते, धडपडली की श्वास कोंडतो. चार नंबर आहे तोवर ताई राहतील, एवढं त्यांनी सरांकडून वदवून घेतलं.

उपचार दोन होते. पिण्याच्या पाण्यात कोरा चहा मिसळायचा. चहामुळे खाण्यातलं लोह अंगी लागत नाही. आणि दर आठवड्याला मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून दोन मिली रक्त काढायचं. शरीराला नवं रक्त करावं लागतं, त्यासाठी साठलेलं लोह थोडं थोडं वापरलं जातं. बावीस वर्षं ज्यांनी बायांच्या हातातले चहाचे कप खाली ठेवायला लावले, त्या सकाळी उठून मैनेसाठी चहा उकळू लागल्या. मुलींच्या अंगात थेंबभर रक्त वाढावं म्हणून ज्या दारोदार फिरल्या, त्या आता टॉवेलात गुंडाळलेली मैना छातीशी धरून उभ्या राहत, आणि डॉक्टर सुई घालत.

पहिल्या खेपेला चार नंबरचं काळीज हाताला इतकं जोरात लागत होतं की सुलक्षणाताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"ताई," देवव्रत सुईवरून नजर न काढता म्हणाले, "हिच्याशी आता बोललं तरी चालेल."

ती कुठे जाणार नव्हती, तेव्हा तिने माणसाचं काय शिकलं आणि काय नाही याने काही बिघडणार नव्हतं. सुलक्षणाताईंनी तोंड उघडलं. दहा महिने साठलेलं खूप होतं. पण काय बोलायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "झालं हां. झालं, झालं." लस टोचताना मुलांना म्हणत तसंच.

सात नंबर नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी बेटाकडे निघाली. लाकडी खोक्यात, तीन बाजूंनी बंद, एका बाजूला जाळी, आत दांडी आणि चिकूच्या फोडी. तो चार नंबरच्या रक्ताचाही दिवस होता. विमान बदलल्यामुळे नितेशला गाडी लवकर काढावी लागली आणि सुई आत असतानाच फाटकाशी इंजिन सुरू झालं. खोक्यातून सात नंबरची शिट्टी आली. चढत जाणारी, मग एकदम खाली पडणारी. ती थांबली. पुन्हा आली. सुलक्षणाताईंच्या हातात चार नंबरने मान वळवली. चोच उघडली, घशाजवळची पिसं हलली, पण आवाज निघाला नाही, धाप तेवढी निघाली.

"सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "अजून अर्धा मिली."

त्या सोडणार नव्हत्या. गाडी वळणावरून खाली उतरली. तिसरी शिट्टी ऐकू आली की नाही, हे त्यांना नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही.

चार नंबर त्यानंतर अकरा दिवस जगली. खाण्यावरची वासना गेली होती. उंबर चोचीशी धरलं तरी ती मान फिरवायची. शेवटच्या सकाळी ती सुलक्षणाताईंच्या ओंजळीत होती. दोन वेळा पाय ताठ केले आणि सैल सोडले. देवव्रत यांनी तिला तपासणीसाठी बांधलं, तारीख टाकली, आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले.

दोन दिवसांनी सुलक्षणाताई चावी द्यायला आल्या. नंदकिशोर सर अजून यायचे होते. देवव्रत आत एका घारीच्या पंखाला टाके घालत होते. कचेरीतला फोन वाजत राहिला, कोणी उचलेना, तेव्हा त्यांनी उचलला.

पलीकडे एक माणूस हिंदीत बोलत होता, आवाज लांबून, मध्ये मध्ये तुटणारा. बेटावरच्या केंद्रातला वनरक्षक. सात नंबर पोचून दहा-बारा दिवस झाले होते, ठीक होती. मोठ्या पिंजऱ्यात ठेवली होती, आणखी महिन्याभराने सोडायचा विचार होता.

"लेकिन मॅडम, बहुत दुबली है," तो म्हणाला. "हड्डी हाथ में लगती है. मेरी घरवाली बोल रही थी, थोड़ा गुड़-चना, थोड़ा खजूर खिला दें. ताक़त आ जाएगी. इसलिए सोचा पूछ लूँ."

सुलक्षणाताई खुर्चीत बसल्या.

"भैया, काग़ज़ मिला था न साथ में?"

"मिला है, साहब के टेबल पर है. अंग्रेज़ी में है."

"आपके पास पेन है? लिखो. मैं बोलती हूँ, आप लिखो."

तो कागद शोधत होता तोवर त्या थांबल्या. मग सांगू लागल्या. गूळ नाही. चणे नाहीत. खजूर नाही. अंडं नाही. लिंबू, संत्रं, आंबट काही नाही. लोखंडाच्या भांड्यात काही नाही, पाणीसुद्धा नाही. पपई, चिकू, केळं, आणि जंगलात ती जे खाते ते; अंजिरासारखी जी काही फळं तिथे असतील ती. तो लिहीत होता, पेन कागदावर घासल्याचा आवाज फोनमधून येत होता.

"इतना ही?" तो म्हणाला. त्याला ते फारच थोडं वाटलेलं दिसलं. "इतने में मर नहीं जाएगी?"

"नहीं मरेगी. दुबली ही रहेगी. दुबली रहने दो."

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं," सुलक्षणाताई म्हणाल्या. "यहाँ छह को मैंने खिलाया था. वही गुड़, वही खजूर. छहों मर गईं. यह सातवीं है, इसने मेरे हाथ का नहीं खाया."

पलीकडे पेन घासणं थांबलं. खूप मागे, त्याच्या केंद्रात कुठेतरी, कुणाचीतरी भांडी वाजत होती.

"अब जो लिखा है वह पढ़ के सुनाओ," त्या म्हणाल्या.

त्याने वाचलं. लिंबाचं राहिलं होतं. त्यांनी ते लिहायला लावलं आणि सुरुवातीपासून पुन्हा वाचायला सांगितलं.